इंग्रजीच्या तासाला मराठी कशी वापरावी: नव्या प्राध्यापकांसाठी

'माय फादर आर फार्मर.' एफवायच्या पहिल्या निबंधांचा गठ्ठा हातात आला की हे वाक्य दहा-बारा वह्यांत तरी सापडतंच. मी बरीच वर्षं लाल शाईने 'आर' खोडून 'इज' लिहीत आले. पुढच्या गठ्ठ्यात पुन्हा 'आर'. मग एकदा लक्षात आलं, की त्याच वहीत खालच्याच ओळीत 'माय मदर इज हाउसवाइफ' लिहिलेलं असतं आणि तिथला 'इज' अगदी बरोबर असतो. म्हणजे मुलांना इज-आरमधला फरक माहीत होता. घोळ फक्त वडिलांपाशी होत होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन वाक्यं मराठीत लिहिली. 'आई आली.' 'वडील आले.' विचारलं, वडील किती आहेत? वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वडिलांना मान द्यायचा म्हणून आपण 'आले' म्हणतो. तेच आम्ही इंग्रजीत नेतो." नियम मी सांगण्याआधी तिनेच सांगितला. मी एवढंच जोडलं, की इंग्रजीत क्रियापदातून मान देत नाहीत, त्यामुळे तिथे राष्ट्रपतींनाही 'इज'च लागतं. त्या वर्गात ही चूक पुढे क्वचितच दिसली.

लाल शाईने इतक्या वर्षांत जे झालं नाही ते मराठीच्या दोन वाक्यांनी पाच मिनिटांत झालं. तेव्हापासून मी इंग्रजीच्या तासाला मराठी ठरवून वापरते. नेट-सेट या पात्रता परीक्षा पास होऊन, कदाचित सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर, यंदा पहिल्यांदाच कंपल्सरी इंग्लिशच्या वर्गासमोर उभ्या राहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. सोयीसाठी मी 'मराठी' म्हणते आहे, पण जे सांगते आहे ते मुलांच्या कोणत्याही घरच्या भाषेला लागू आहे.

आधी मनातली भीती काढा

पहिल्या महिन्यात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजीच.' विभागप्रमुख म्हणतील, पालक म्हणतील, आणि सर्वांत जास्त मुलंच म्हणतील. या वाक्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बर्लिट्झच्या परकीय भाषा शिकवणाऱ्या शाळांनी मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवून शिकवण्याची पद्धत जगभर नेली. त्या शाळांत एका वर्गात वेगवेगळ्या भाषांचे प्रौढ बसत आणि शिक्षकाला त्यांच्या भाषा येत नसत, त्यामुळे ते तिथे सोयीचंही होतं. पुढे १९६१ साली युगांडात मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची परिषद झाली आणि इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं या समजुतीला तिथे वजन मिळालं. १९९२ साली भाषाअभ्यासक रॉबर्ट फिलिपसन यांनी त्या समजुतीला उघडपणे भ्रम म्हटलं.

दुसऱ्या बाजूचं कामही जुनं आहे. वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी १९६० च्या दशकातच दोन्ही भाषा हाताशी धरणारी द्विभाषिक पद्धत मांडली. त्याच वेल्समध्ये पुढे केन विल्यम्स यांनी एका भाषेत वाचायचं आणि दुसरीत लिहायचं-बोलायचं अशा वर्गकामाला नाव दिलं. त्यातूनच आज चर्चासत्रांत ऐकू येणारा 'ट्रान्सलँग्वेजिंग' हा शब्द आला. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुभाषिकतेवर भर दिला. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही (यूजीसी) विद्यापीठांना सुचवलं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी मुलांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. इंग्रजीच्या पेपराला अर्थातच हे लागू होत नाही, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते यावरून कळतं. तेव्हा वर्गात मराठी बोललात म्हणून चोरी केल्यासारखं वाटून घेऊ नका.

मात्र एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्या कॉलेजांत मराठी कमी वापरली जाते असं मुळीच नाही. ती भरपूर वापरली जाते, पण चुकीच्या जागी. धड्यातली एक ओळ इंग्रजीत वाचायची, तिचा अर्थ मराठीत सांगायचा, मग पुढची ओळ. तास संपला की मुलं गाईडमधून तयार उत्तरं पाठ करतात. या सगळ्यात मुलाच्या तोंडून किंवा हातून स्वतःचं असं एकही इंग्रजी वाक्य निघत नाही. तीन वर्षं असे तास बसून बाहेर पडलेली मुलं मुलाखतीला गेल्यावर गप्प बसतात, आणि दोष मात्र मराठी माध्यमाला लागतो. अर्थ कळायला मराठीची मदत हवीच. ती मिळाल्यावर मुलांनी इंग्रजीत काहीतरी करायला हवं. पुढची सगळी पावलं याच हिशेबाने आहेत.

पहिलं पाऊल: समोर कोण बसलंय ते विचारा

पहिल्या तासाला अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून घ्या. घरी कोणती भाषा बोलता? शाळा कोणत्या माध्यमात झाली? इंग्रजीत तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय? उत्तर हव्या त्या भाषेत लिहा म्हणावं.

माझ्या वर्गातल्या चिठ्ठ्यांत मराठीबरोबर गोरमाटी (बंजारा समाजाची बोली), उर्दू, हिंदी असायचं. तुम्ही नंदुरबार-धडगावकडे असाल तर भिली आणि पावरी येईल, जळगाव-धुळ्याकडे अहिराणी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, गोव्यात कोकणी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे ६९ टक्के लोकांनीच मराठी ही मातृभाषा सांगितली होती. तांड्यावरून येणाऱ्या मुलासाठी मराठीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी किंवा चौथी. त्याला मराठीतून समजावलं म्हणजे सोपं झालं, असं धरून चालू नका.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मी वर्षभर जपून ठेवते. 'पोलीस भरतीचा पेपर', 'मुंबईत मामाकडे जाऊन नोकरी', 'बँकेत साहेबांशी बोलता यावं', 'मोबाइलवरचे मेसेज कळावेत'. धडा कोणताही असो, उदाहरणं या यादीतून घ्या.

दुसरं पाऊल: कोणती भाषा कुठे, हे तासाआधी ठरवा

ऐन वेळी सुचेल तशी भाषा बदलली, की मुलं इंग्रजी ऐकायचंच सोडतात. मॅडम आत्ता मराठीत सांगतीलच, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून टिपणवहीत तासाची आखणी करतानाच समासात खूण करा.

रोज घडणारी कामं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत ठेवा: हजेरी, वही उघडा, जोडीने बसा, पुन्हा सांगा, खिडकी लावा, शाबासकी. ही पंधरा-वीस वाक्यं रोज कानावर पडली की दोन आठवड्यांत मुलांना मराठीची गरज उरत नाही. हजेरीला 'प्रेझेंट मॅडम' ऐवजी एखादं वाक्य मागा: आज कशाने आलात, नाश्त्याला काय खाल्लं.

मराठी तीन ठिकाणी राखून ठेवा. पहिलं, दोन भाषांची तुलना करायची असते तिथे. दुसरं, ज्या शब्दाचा अर्थ इंग्रजीत समजावताना दहा मिनिटं जातील आणि तरी कळणार नाही तिथे. 'टेबल' चित्र काढून सांगा, पण 'ऑब्लिगेशन' साठी 'बांधिलकी' म्हणा आणि पुढे चला. तिसरं, एखादं मूल घाबरलंय, रडवेलं झालंय किंवा घरची अडचण सांगतंय तिथे. तिथे इंग्रजीचा आग्रह धरणं मला निर्दयपणाचं वाटतं.

तिसरं पाऊल: सँडविच

जर्मनीतले भाषाशिक्षणतज्ज्ञ वोल्फगांग बुट्सकाम यांनी पुरस्कारलेलं हे तंत्र नव्या शिक्षकाला लगेच जमतं. नवं वाक्य आधी इंग्रजीत म्हणा, मग हलक्या आवाजात मराठीत, आणि लगेच पुन्हा इंग्रजीत. "यू हॅव स्किप्ड अ लाइन. एक ओळ गाळलीस. यू हॅव स्किप्ड अ लाइन." आवाजातला फरक महत्त्वाचा आहे. इंग्रजी वाक्य पूर्ण वर्गाला, मराठी वाक्य कानात सांगितल्यासारखं. पुढच्या वेळी मधलं मराठी गाळा. तिसऱ्या वेळी एखादा मुलगाच शेजाऱ्याला तेच वाक्य इंग्रजीत सुनावतो.

इंग्रजी शब्दाला मराठी शब्द देण्यापेक्षा पूर्ण बोलण्याला पूर्ण बोलणं द्या. 'हाऊ कम?' ला 'असं कसं काय?' हे जितकं पटकन पोहोचतं तितकं शब्दशः अर्थाने पोहोचणार नाही.

चौथं पाऊल: व्याकरण मराठीच्या शेजारी ठेवा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण मुलांच्या बहुतेक चुका बेफिकिरीच्या नसतात. त्या मराठीच्या नियमांप्रमाणे अगदी बरोबर असतात. मुलाला हे कळलं की त्याचा स्वतःवरचा राग कमी होतो, आणि चूक कुठून येते तेही दिसतं.

'ला' घ्या. मला ताप आहे, मला भूक लागली आहे, मला आंबा आवडतो, मला जायचं आहे. मराठीत चारही ठिकाणी 'मला'. इंग्रजीत चारही ठिकाणी 'आय', पण पुढे 'हॅव', 'अ‍ॅम', 'लाइक' आणि 'वाँट टू' किंवा 'हॅव टू'. शेवटच्या ठिकाणी मुलांना थांबवा: जायची इच्छा आहे की जाणं भाग आहे? मराठी वाक्य दोन्ही अर्थ पोटात ठेवतं, इंग्रजीला एक निवडावा लागतो. ही चार वाक्यं एकाखाली एक लिहा आणि काय बदलतं ते मुलांनाच शोधू द्या.

नकारार्थी प्रश्न हा दुसरा मोठा घोळ. "डिडन्ट यू ब्रिंग द बुक?" असं विचारलं की मुलगा मान हलवून "येस" म्हणतो. आपण आणि तो, दोघंही गोंधळतो. मराठीत 'पुस्तक नाही आणलं?' याला 'हो, नाही आणलं' हेच उत्तर आहे, कारण आपण समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजी वस्तुस्थिती बघते: पुस्तक आणलेलं नाही, म्हणून 'नो'. नोकरीच्या मुलाखतीत या एका शब्दाने अर्थ उलटा होऊ शकतो. याचा दहा मिनिटं जोडीने सराव घ्या, आधी मराठीत, मग इंग्रजीत.

'निघालोच', 'आलोच' म्हणताना आपण भूतकाळ वापरतो, म्हणून मुलं फोनवर 'आय केम' म्हणतात, आणि पलीकडचा माणूस दाराकडे बघत बसतो. 'बस आली' यात बस स्त्रीलिंगी, म्हणून 'शी इज लेट'. 'परवा' मागचाही आणि पुढचाही, म्हणून काळाचा गोंधळ. अशी प्रत्येक जोडी सापडेल तशी लिहून ठेवा.

आर्टिकल्सचं, म्हणजे 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांचं काय, असं सगळेच विचारतात. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून नियमांची यादी पाठ करून घेतली जाते आणि ती परीक्षेनंतर विसरली जाते. मी गोष्टीपासून सुरुवात करते. 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा राजा येतो तेव्हा 'एक', ओळख झाल्यावर 'त्या'. मग सांगा, पहिला तो 'अ किंग', दुसरा तो 'द किंग'. सगळे नियम यात बसत नाहीत, पण 'अ' आणि 'द' यांतला मुख्य फरक मुलांना आजीच्या गोष्टींतून आधीच येतो, हे त्यांना कळतं. नंतर 'माय फादर इज फार्मर' या वाक्यात 'अ' का हवा, हे विचारा. मराठीत 'माझे वडील एक शेतकरी आहेत' कोणी सहज म्हणत नाही. इथे मराठी मदत करत नाही, हेही स्पष्ट सांगावं लागतं.

उच्चारांतही हीच युक्ती चालते. 'झू' मधला पहिला आवाज 'जाड' मधल्या 'ज' च्या जवळचा, 'जीव' मधल्या 'ज' चा नाही. हा आवाज मराठी मुलाच्या तोंडात आधीपासूनच आहे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ला मात्र आपल्याकडे एकच 'व' आहे, तिथे ओठ आणि दात कुठे आहेत ते दाखवावंच लागतं.

पाचवं पाऊल: विचार घरच्या भाषेत, वाक्य इंग्रजीत

'तुमच्या गावातली एक अडचण' यावर बोला म्हटलं की वर्ग चिडीचूप. विषय मुलांना ठाऊक असतो, पण एकाच वेळी विचारही करायचा आणि इंग्रजीही जुळवायचं हे ओझं फार होतं. ते दोन भागांत तोडा.

चार-चारच्या गटात पाच मिनिटं हव्या त्या भाषेत बोलू द्या. गोंगाट होईल, होऊ द्या. मग प्रत्येक गटाने चार वाक्यं इंग्रजीत लिहायची. अडेल तिथे मराठी शब्द तसाच ठेवायचा आणि वाक्य पूर्ण करायचं. माझ्या वर्गात एकदा वाक्य आलं: 'इन माय व्हिलेज वी गेट पाळी ऑफ कॅनॉल वॉटर आफ्टर मेनी डेज.' वाक्याची रचना ठीक होती, अडला होता फक्त 'पाळी' शब्द. तो फळ्यावर घेतला. 'टर्न' म्हणायचं की 'रोटेशन', यावर वर्गाने दहा मिनिटं वाद घातला. पाटबंधाऱ्याचं पाणी ज्यांच्या शेतात येत होतं ती मुलं त्या दिवशी पहिल्यांदा बोलली, आणि शब्द त्यांनीच ठरवला. मराठी शब्दावर बंदी असती तर तो विषयच कोणी काढला नसता.

शेवटची पंधरा मिनिटं फक्त इंग्रजी: प्रत्येक गटातला एक जण उभा राहून सांगणार. ही वेळ मोडू नका. आधीची सगळी मराठी या पंधरा मिनिटांसाठीच असते.

सहावं पाऊल: भाषांतर, पण खऱ्या कागदांचं

उताऱ्यांच्या भाषांतराचा मुलांना कंटाळा येतो. त्याऐवजी ग्रामपंचायतीची नोटीस, बँकेचा फॉर्म, एसटी स्टँडवरची सूचना, लग्नपत्रिका आणा. एका गटाने मराठीतून इंग्रजीत करायचं, दुसऱ्या गटाने मूळ न बघता ते इंग्रजी परत मराठीत आणायचं, मग दोन्ही मराठी शेजारी ठेवायच्या. कुठे काय हरवलं ते मुलांनाच दिसतं. 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर' या ओळीवर माझा एक पूर्ण तास गेला आहे. 'गिफ्ट' म्हटलं की 'आहेर' मधलं देणं-घेणं निघून जातं. असा शब्द भेटला की मूळ शब्द ठेवून एका वाक्यात समजावून सांगायला शिकवा. परप्रांतात नोकरीला गेल्यावर हेच कौशल्य लागतं.

मोबाइलवरचं भाषांतराचं अ‍ॅप मुलं वापरणारच. ते लपून वापरण्यापेक्षा उघडपणे तपासायला द्या. अ‍ॅपने 'वडील आले' चं काय केलं, 'मला जायचं आहे' चं काय केलं, हे पकडणं उत्तम गृहपाठ आहे.

अडेल तिथे

मुलंच म्हणाली, "मॅडम, इंग्रजीतच शिकवा", तर वाईट वाटून घेऊ नका. शहरातल्या कॉन्व्हेंटच्या मुलांपेक्षा आपण कमी, ही सल त्यामागे असते. त्यांना आखणी दाखवा: कोणती मिनिटं मराठीची, कोणती इंग्रजीची, आणि का. कारण कळलं की विरोध मावळतो. विभागप्रमुखांनाही हीच आखणी कागदावर द्या.

पुण्या-मुंबईच्या वर्गात मराठी न येणारी मुलं असतात. त्यांच्यासमोर मराठीतून तुलना केली तर शेजारच्या मुलाला ती इंग्रजीत समजावायला सांगा. तुम्हाला वर्गातली एखादी भाषा येत नसेल तर मुलांनाच विचारा, तुमच्याकडे 'मला भूक लागली' कसं म्हणतात? शिकवणारे बदलतात आणि वर्गात जीव येतो.

आणि कोणाच्याही मराठीला नावं ठेवू नका. मुलगा 'पानी' म्हणाला, 'आनि' म्हणाला, तर ते दुरुस्त करायची ही जागा नव्हे. एका भाषेत हिणवला गेलेला मुलगा दुसऱ्या भाषेत तोंड उघडत नाही.

सातवं पाऊल: मोजा

जुलैत एकदा मोबाइल टेबलावर ठेवून आपलाच तास रेकॉर्ड करा. नंतर ऐकताना तीन रकाने करा: माझी मराठी, माझं इंग्रजी, मुलांचं इंग्रजी. पहिल्यांदा तिसऱ्या रकान्यात दोन-तीन मिनिटं निघाली तरी हरकत नाही. जानेवारीत, दुसऱ्या सत्राच्या वर्गात, पुन्हा रेकॉर्ड करा. पहिला रकाना आक्रसला नसेल आणि तिसरा वाढला असेल, तर काही बदलू नका. पहिला रकाना आक्रसला पण तिसरा तेवढाच राहिला असेल, तर वाचलेली मिनिटं तुमच्याच इंग्रजीने खाल्ली. मग पुन्हा पाचव्या पावलावर या आणि शेवटच्या पंधरा मिनिटांची वीस करा.